टाकीमागची अकरा रोपे

नोटीस आली तेव्हा मी मागच्या अंगणात उकिडवा बसून भावोजींना पाथरीची पानं भरवत होतो. भरवत होतो म्हणणंही जास्तच झालं. पान समोर धरायचं आणि त्यांची मान बाहेर येईपर्यंत हात हलवायचा नाही, एवढंच माझं काम.

भावोजी म्हणजे आमचं कासव. ते माझ्याकडे लग्नाच्या आधीपासून आहे. ही लग्न होऊन घरात आली आणि दुसऱ्याच दिवशी तिने त्याला दीर करून टाकलं. "भाऊ-भाऊ शोभता दोघे," म्हणाली, "कोणी आलं की मान आत." तेव्हापासून घरात भावोजी जेवले का, भावोजी रुसले का, असंच चालू राहिलं. तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता त्यांना भावोजी म्हणणारी माणसं दोन. मी, आणि शेजारच्या नर्सबाई.

नोटिशीवर बियाणे केंद्राचा शिक्का होता. आमची गल्ली केंद्राच्या कुंपणाला लागून आहे. तिथे भाज्यांचं शुद्ध बी तयार करतात, म्हणून कुंपणापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत बारा प्रकारची झाडं लावायला, वाढवायला किंवा आपोआप उगवली तर राहू द्यायला बंदी आहे. पाथरी यादीत चौथी, कारण तिचं बी म्हातारी होऊन उडतं आणि केंद्राच्या वाफ्यांत जाऊन बसतं. फड्या निवडुंग सातवा, कारण त्याच्यावर कसलीशी कीड वाढते. बारांपैकी नऊ झाडं कासवाच्या खाण्यातली आहेत. यादी कासवाला विचारूनच केली असणार, असं मी एकदा हिला म्हणालो होतो. माझ्या विनोदांवर ती क्वचितच हसायची. त्यावर हसली होती, म्हणून लक्षात आहे.

नियम जुना होता. इतक्या वर्षांत कोणी आमच्या अंगणात डोकावलं नव्हतं. आता मात्र लिहिलं होतं: "प्राप्त माहितीनुसार आपल्या मागील अंगणात, ईशान्य कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीमागे पाथरीची अकरा रोपे व फड्या निवडुंगाचे एक झुडूप आहे. पंधरा दिवसांत काढून टाकावे. सोळाव्या दिवशी पाहणी होईल. प्रतिबंधित झाड आढळल्यास संपूर्ण अंगणात तणनाशक फवारण्यात येईल."

तणनाशक फवारलं की वर्षभर त्या मातीवर कासव सोडता येत नाही. भावोजींना दूरच्या निवाऱ्यात पाठवावं लागलं असतं, चाळीस अनोळखी कासवांत. आणि झाडं काढून टाकावीत, तर ते खाणार काय? कोबी-काकडीवर त्यांचं पोट बिघडतं. दोन वर्षांपूर्वी मी आजारी पडलो होतो तेव्हा महिनाभर कोबीच घातला गेला, आणि जनावरांचे डॉक्टर म्हणाले होते, "आजोबा, पुन्हा असं झालं तर मला बोलावू नका."

मी नोटीस घेऊन टाकीमागे गेलो. वाकून रोपं मोजली. अकरा होती.

रस्त्यावरून टाकीमागचं काही दिसत नाही. नर्सबाईंच्या गच्चीवरूनही दिसत नाही, टाकी आड येते. कोणीतरी अंगणात येऊन, मी उभा होतो तिथेच उभं राहून, बोट दाखवत अकरापर्यंत मोजलं होतं. आणि त्या माणसाने मला अवाक्षरही न बोलता ते केंद्राला जाऊन सांगितलं होतं.

मी चाळीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांची कार्डं लिहिली. शीर्षक, लेखक, विषय, जागा, आणि खाली 'हेही पाहा'. निवृत्त झालो तरी सवय गेलेली नाही. कोरी कार्डं अजून खणात आहेत. डोक्यात गोंधळ झाला की मी कार्ड काढतो. त्याने गोंधळ कमी होतो असं नाही, फक्त तो अक्षरांच्या क्रमाने लागतो. त्या दुपारी मी तीन कार्डं केली.

पहिलं कार्ड पाण्याचा मीटर बघणाऱ्याचं. मीटर टाकीशेजारीच आहे. पण तो माणूस आकडा बघण्यातही वेळ जायला नको म्हणून नाक दाबल्यासारखा येतो आणि जातो. अकरा रोपं मोजण्याइतकी उसंत त्याला नाही. लिहिलं, संशय: कमी.

दुसरं कार्ड मुलीचं. पोटच्या मुलीचं असं कार्ड करू नये, हे कबूल करतो. पण मागच्या महिन्यात ती चार दिवस येऊन राहिली होती, आणि मी हे घर सोडून तिच्याकडे राहायला जावं हा तिचा कधीपासूनचा आग्रह. तिच्या पाचव्या मजल्यावर कासवाला जागा नाही. संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, आवाज असा का येतोय?"

"कसा?"

"फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बोलल्यासारखा."

"तू आली होतीस तेव्हा टाकीमागे गेली होतीस का?"

"टाकीमागे? गेले असेन. पायपुसणी वाळत घातली होती बहुतेक. का?"

"असंच."

"तुमचं असंच मला पाठ आहे. काय झालंय?"

मी नोटीस वाचून दाखवली. तिने ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, "मग आता तरी इकडे या ना, बाबा."

फोन ठेवल्यावर मी कार्डावर लिहिलं: 'आता तरी' म्हणाली. आणि त्याखाली रेघ ओढली. ती रेघ नंतर खोडून काढायचा प्रयत्न केला, पण शाईची होती.

तिसरं कार्ड नर्सबाईंचं, आणि ते भरायला मागची बाजूही लागली. आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे होती. हिच्या शेवटच्या आजारात त्या दिवसातून तीनदा इंजेक्शन द्यायला यायच्या, तेव्हापासूनची. नंतर मी ती परत मागितली नाही, त्यांनी दिली नाही. त्यांना प्रत्येक गोष्ट मोजायची खोड. आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत हे मला त्यांच्याकडून कळलं. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी कुंपणभिंतीवरून ऐकवलं होतं, "भाऊ, तुमच्या म्हाताऱ्या माझ्या चादरींवर येऊन बसतात. काल सतरा वेचल्या." मी माफी मागितली होती. आणि त्यांचा भाचा बियाणे केंद्रातच कारकून आहे. किल्ली, मोजण्याची खोड, चादरी, भाचा. इतकं जुळणारं कार्ड मी आयुष्यात क्वचितच केलं असेल. फक्त 'हेतू' पुढे काय लिहावं ते कळेना. चादरींसाठी कोणी असं करतं का? पण माणसांच्या बाबतीत माझा अंदाज कधी बरोबर आलाय? मी लिहिलं, हेतू: कळत नाही.

दुसऱ्या दिवशी किल्ली मागायला गेलो. दारात उभं राहून दोन वाक्यं पाठ केली होती, ती त्यांनी दार उघडताच विसरलो.

"किल्ली? तुमची हरवली का?"

"हो. म्हणजे नाही. तिच्यावरून दुसरी करून घ्यायची आहे."

त्यांनी माझ्याकडे थर्मामीटर वाचावा तसं पाहिलं. मग म्हणाल्या, "नोटीस आलीय म्हणे तुम्हाला."

मी मुलीखेरीज कोणालाही सांगितलं नव्हतं. "तुम्हाला कसं कळलं?"

"भाचा म्हणाला. त्यानेच टाइप केली. भावोजींचं आता कसं करणार?"

"बघू," मी म्हणालो. पुढे काही विचारायचं धैर्य झालं नाही. त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. तिला अजून हिने बांधलेली निळी नाडी होती. घरी येऊन मी कार्डावर लिहिलं: नोटिशीची माहिती आधीपासून.

दुसरा कोणी असता तर पंधरा दिवसांतले चौदा दिवस भावोजींना पोटभर खाऊ घालून मग झाडं काढली असती. मी तिसऱ्याच दिवशी सगळी उपटली. निवडुंग कापताना काटे बोटांत गेले. रोज कोणीतरी मोजून जात असेल, ही भीती. अंगण धुतल्यासारखं बोडकं झालं. भावोजी टाकीमागे गेले, जिथे रोपं होती तिथे माती हुंगत बराच वेळ थांबले आणि परत फिरले. मी समोर काकडीची चकती ठेवली. ती त्यांनी पायाखाली घातली. मुद्दाम घातली असं मी म्हणणार नाही.

पाचव्या सकाळी कुंपणभिंतीवर पाथरीची जुडी होती.

ओली, ताजी, हातभर लांब. पांढऱ्या गॉजच्या पट्टीने बांधलेली. म्हणजे कोणी ठेवली हे विचारायला नको. मी जुडी दोन बोटांत धरून उन्हात नेली आणि चष्मा लावून तपासली. फुलं आणि बोंडं एकूण एक खुडून टाकलेली होती. नुसती पानं. का खुडली? माझ्या अंगणात बी पडू नये म्हणून? का ही कुठून आणली ते कळू नये म्हणून? अर्ध्या किलोमीटरच्या आत आता एक रोप नसताना ही पानं आली कुठून? केंद्र कुंपणालगत तणनाशक मारतं, तिथली असली तर? आधी झाडं काढायला लावायची, मग कासव उपाशी झालं की हे समोर ठेवायचं. असा विचार करणारा माणूस कसा असतो, ते मला त्या सकाळी कळलं. तो माझ्यासारखाच दिसतो. मी जुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि वर झाकण दाबलं.

सहाव्या दिवशी पुन्हा जुडी. सातव्या दिवशी पुन्हा. पडद्याआडून लक्ष ठेवलं तर एकदा नर्सबाईच ती ठेवताना दिसल्या, पायांत चिखलाचे बूट. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मी कार्डावर लिहिलं: इकडेतिकडे पाहते. आता वाटतं, भिंतीवर काही ठेवताना माणूस इकडेतिकडे बघतोच. पण तेव्हा ते पुराव्यासारखं वाटलं.

भावोजींना मी रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवत होतो. चार किलो तीनशे. चार किलो दोनशे दहा. अकराव्या दिवशी चार किलो शंभर भरले. त्या दिवशी मी जुडी डब्यात टाकली नाही. पानं पाच पाण्यांतून धुतली. वास घेतला. पाथरीचाच वास होता, पण विषाला वास असतोच असं कुठे आहे? तरी एक पान घेऊन त्यांच्यासमोर धरलं. आठ दिवसांत पहिल्यांदा मान पूर्ण बाहेर आली, इतकी लांब की गळ्याच्या सगळ्या सुरकुत्या सरळ झाल्या. तोंड उघडलं. आणि मी हात मागे घेतला.

त्यांनी तोंड मिटलं. थोडा वेळ तसेच थांबले, मग मान हळूहळू आत गेली. पन्नास वर्षांत मी त्यांना असं फसवलं नव्हतं.

सोळाव्या दिवशी निरीक्षक आला. सायकलवरून, पँटच्या पायांना चिमटे लावून. टाकीमागे गेला, वाकला, काठीने माती उकरली, चारही कोपरे पाहिले.

"स्वच्छ आहे," म्हणाला. "सही करा."

सही झाल्यावरही मी पेन कागदावरून उचललं नाही. पंधरा दिवस जे विचारायचं होतं ते विचारलं. "तक्रार कोणी केली, एवढं सांगू शकाल का?"

"तक्रार नाही आलेली."

"नोटिशीत होतं, प्राप्त माहिती."

"माहिती प्राप्त झाली, तक्रार नाही. दोन्हींचे फॉर्म वेगळे असतात." त्याने फाईल चाळून एक झेरॉक्स काढली. "ही बघा. ग्रंथालयात परिसरातल्या झाडांच्या नोंदींचा एक खण आहे. दरवर्षी आम्ही तो तपासतो. लोक लिहितात, कालव्याजवळ कुठेतरी, शाळेमागे बरीच. त्यावरून काय शोधणार? यंदा हे एक कार्ड निघालं. साहेब म्हणाले, नोंद कशी करावी ती बघा. दिशा आहे, जागा आहे, संख्या आहे."

मी पाहिलं. पाथरी. ठिकाण: मागील अंगण, ईशान्य कोपरा, पाण्याच्या टाकीमागे. संख्या: ११. हेही पाहा: निवडुंग, फड्या. वरच्या कोपऱ्यात, मी नेहमी लिहितो तिथे, घराचा क्रमांक.

"अक्षर ओळखीचं आहे का?" निरीक्षकाने विचारलं.

"आहे."

"कोणाचं?"

"माझं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हीच कळवलंत."

"तसंच म्हणावं लागेल."

"नोकरीत बावीस वर्षं झाली," तो म्हणाला, "हे पहिल्यांदाच."

ते कार्ड मी वसंतात केलं होतं. रोज कुठल्या रोपाची किती पानं खुडायची याचा हिशोब राहावा म्हणून. मग ते वनस्पतींच्या एका पुस्तकात खूण म्हणून ठेवलं आणि पुस्तक तसंच ग्रंथालयात परत केलं. आता तिथे जी ग्रंथपाल आहे ती पूर्वी माझ्या हाताखाली होती. पहिल्याच आठवड्यात मी तिला शिकवलं होतं, हाती आलेलं कार्ड कधी फेकायचं नाही, त्याची जागा शोधायची. तिने ती शोधली. माझं इतकं लक्ष देऊन ऐकणारी दुसरी कोणी शिष्या मला मिळाली नाही.

निरीक्षक सायकलला टेकून भावोजींकडे बघत होता. "हेच का ते? बरेच वाळलेत."

"खायला नाही."

"का? तुमच्या शेजारच्या बाई तर रोज कालव्याच्या पुलापलीकडून पाला नेतात. हद्दीबाहेर आहे ते, तिथे काही मारत नाही आम्ही. कशासाठी म्हणून मीच हटकलं होतं. फुलंबोंडं तिथेच खुडा, बी हद्दीत आणू नका, एवढं बजावलं. तशी नेतात बिचाऱ्या. येऊन-जाऊन चार किलोमीटर पडत असेल."

तो गेल्यावर मी अंगणात उभा राहिलो. मग भिंतीवर त्या सकाळची जुडी होती ती घेतली, खिशात किल्ली आणि ते तिसरं कार्ड घातलं आणि शेजारी गेलो. काय बोलायचं ते या वेळी पाठ केलं नाही. पाठ करण्यासारखं काही सुचलंच नाही.

नर्सबाईंनी दार उघडलं. माझ्या हातातल्या जुडीकडे पाहिलं. "आज डब्यात नाही टाकलीत?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"कचरेवाला विचारत होता, ग्रंथालयवाले आजोबा रोज ताजी भाजी का फेकतात."

"मग तरी का आणत राहिलात?"

"भावोजींसाठी आणत होते. तुमच्यासाठी कोण चिखल तुडवतं?"

मला तोंडाने सांगता येईना. मी कार्ड पुढे केलं. त्यांनी चष्मा शोधला, घेतला, दारातच वाचलं. मागची बाजूही वाचली. वाचताना त्यांचे ओठ हलत होते, मी ते बघत होतो.

"वय सत्तर?" त्या म्हणाल्या. "मला परवा सहासष्टावं लागलं."

"चुकलं."

"'इकडेतिकडे पाहते.' तुमच्या पडद्यामागे तुमचे पाय दिसत होते. मग कुठे बघू?" त्यांनी पुढे वाचलं. "भाच्याचं बरोबर आहे. चादरींचंही बरोबर आहे. 'हेतू: कळत नाही.'" इथे त्या थांबल्या. "वहिनींना मी तीन महिने टोचत होते, भाऊ. तेव्हा नाही विचारलात हेतू."

मी सगळं सांगितलं, वसंतातलं कार्ड, पुस्तक, ग्रंथपाल, निरीक्षक. त्यांनी हसावं असं मला वाटत होतं. त्या हसल्या नाहीत. चपला घालून माझ्यापुढे चालू लागल्या.

अंगणात त्यांनी जुडी सोडली, एक पान निवडलं आणि माझ्याकडे बघत तोंडात घातलं. देठापासून टोकापर्यंत चावून गिळलं. "कडू आहे," म्हणाल्या. "पंधरा मिनिटं थांबायचंय का तुम्हाला? खात्री करून घ्या."

मी दुसरं पान घेऊन स्वतः खाल्लं. खरंच कडू होतं. इतकी वर्षं खायला घातलं आणि चव मला त्या दिवशी कळली.

मग पान भावोजींसमोर धरलं. मान बाहेर आली नाही. मी हात हलवला नाही. गुडघे भरून आले. नर्सबाई पायरीवर बसून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या, नाडी मोजावी तशा. "सहा मिनिटं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "नऊ." मला वाटलं, आता तेही माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

"बोटं जरा लांब धरा," नर्सबाई हळूच म्हणाल्या.

नाकाचं टोक दिसलं. मग डोळे. भावोजींनी आधी पानाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, आणि पान इतक्या जोरात ओढलं की देठ माझ्या चिमटीतच राहिला.

एका तासात अर्धी जुडी संपली. उठताना मी किल्ली पुढे केली. त्यांनी निळी नाडी बोटाला गुंडाळली आणि निघाल्या. फाटकाशी जाऊन वळल्या.

"उद्या सहाला पुलावर. पिशवी तुमची. खुडायचं मी शिकवीन, मोजायचं नाही."

"येतो. ते कार्ड तेवढं..."

"ते माझ्याकडे राहू दे."

"कशाला?"

"असंच," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

भाचा केंद्रात आहे, कार्डावर माझं अक्षर आहे. त्या ते कुठे ठेवतील, कोणाला दाखवतील, याचा मी रात्री जेवतानाही विचार करत होतो. मग उठून पिशवी शोधली आणि दाराच्या कडीला अडकवून ठेवली.